मणिपुरी प्रेमपटाला मराठी सबटायटल: वेळ चुकते, जोडाक्षरं तुटतात

सुरसागरकाठ
वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळात साठेक प्रेक्षकांना एक मणिपुरी प्रेमपट दाखवायचा आहे. निर्मात्याची लेखी परवानगी मिळाली आहे. लांबी १३० मिनिटं, फाइल सेकंदाला २५ फ्रेमची, सोबत इंग्रजी एसआरटी, म्हणजे संवाद आणि त्यांच्या वेळा असलेली सबटायटलची फाइल. बहुतेक मंडळी साठीच्या पुढची, म्हणून सबटायटल मराठीत हवीत. इंग्रजी सबटायटल सुरुवातीला जुळतात, पण मध्यंतरापर्यंत पावणेतीन मिनिटं मागे पडतात. मराठी अक्षरं लॅपटॉपवर ठीक दिसतात, हॉलच्या प्लेयरवर मात्र जोडाक्षरं सुटी होतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. शिवाय कथेतलं काय समजावून द्यावं, तेही सुचवा.

रेवातीर
चूक हळूहळू वाढतेय म्हणजे फ्रेमरेटचा घोळ. एसआरटी २३.९७६ फ्रेमच्या प्रतीवर बेतलेली दिसते. फरक साधारण ४.३ टक्के, म्हणजे ६५व्या मिनिटाला पावणेतीन मिनिटं आणि शेवटी साडेपाच. तुमचा आकडा तंतोतंत बसतो. ‘सबटायटल एडिट’ या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये फ्रेमरेट बदलण्याची सोय आहे, तिथे २३.९७६ वरून २५ करा. मग पहिला आणि शेवटचा संवाद तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक उरला तर सगळ्या वेळा तेवढ्या सरकवा. भाषांतराला हात त्यानंतरच घाला.

जोडाक्षरं तुटतात कारण त्या प्लेयरला देवनागरीची जुळणी येत नाही, नुसता फॉन्ट बदलून भागेलच असं नाही. खात्रीचा उपाय म्हणजे सबटायटल चित्रातच पक्की छापून टाकणं. फाइल यूटीएफ-८ (देवनागरी नीट साठवणारी पद्धत) मध्ये ठेवा, एएसएस (फॉन्ट आणि जागा ठरवता येणारं सबटायटल) स्वरूपात बदला, फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी द्या आणि हँडब्रेक या व्हिडिओ बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘बर्न इन’वर खूण करा. १०८० ओळींच्या चित्राला अक्षर ५५-६० पिक्सेल, पांढरं, भोवती ३ पिक्सेल काळी कड. हॉलला उतार नसेल तर मजकूर तळापासून शंभरेक पिक्सेल वर घ्या, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांआड खालची ओळ जाते. पूर्ण फाइल करण्याआधी ‘राष्ट्र’, ‘दुसऱ्या’, ‘लक्ष’ असे शब्द येणारी दोन मिनिटांची पट्टी त्याच प्लेयरवर चालवून बघा.

आणखी एक. मणिपुरात २००० पासून बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपट बंद पाडले, थिएटरांना स्थानिक चित्रपट हवे झाले आणि रीळ परवडत नसल्याने मंडळी व्हिडिओकडे वळली. तुमचा चित्रपट त्या काळातला असेल तर हलत्या कडांवर कंगव्यासारख्या रेघा दिसतील. त्याच फेरीत त्या रेघा घालवणारी ‘डीइंटरलेस’ सोयही चालू करा.

अलकापुरी
भाषांतराबद्दल. मणिपुरीत क्रियापदाला लिंग नाही आणि ‘तो’ आणि ‘ती’ला एकच सर्वनाम, महाक. इंग्रजीतही ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ वेगळं नसतं. त्यामुळे नुसती एसआरटी समोर ठेवून मराठी केलंत तर नायिकेच्या तोंडी पुरुषी क्रियापदं येणारच. चित्र चालू ठेवून, कोण कोणाशी बोलतंय ते बघत भाषांतर करा. तू की तुम्ही हेही तिथेच ठरेल. नायिका नायकाला ‘तामो’ म्हणते, ते वयाने मोठ्या तरुणासाठीचं आदराचं संबोधन आहे. इंग्रजीत त्याचा भाऊ झालेला असतो. मराठीत ‘दादा’ लिहिलंत तर प्रेमप्रसंगाचा विचका झालाच. तिथे नाव घाला किंवा ‘अहो’.

ज्येष्ठांसाठी सेकंदाला १२ अक्षरांपेक्षा जास्त नको, ओळी दोनच. ‘बाबांना कळलं तर ते मला घराबाहेर पडू देणार नाहीत’ हे अडीच सेकंदांत वाचून होत नाही. ‘कळलं तर बाबा कोंडून ठेवतील’ होतं.

मांडवीकर
समजावण्याचं सगळं एका छापील पानावर द्या, पडद्यावर कंस नकोत. त्यात सर्वांत आधी येक-सलाई. मैतेईंची, म्हणजे मणिपुरी बोलणाऱ्या तिथल्या समाजाची, सात कुळं, एकाच कुळात लग्न निषिद्ध. आपल्याकडच्या सगोत्र विवाहासारखंच, म्हणून एका ओळीत कळेल, आणि ती ओळ नसेल तर घरच्यांचा विरोध उगाच वाटेल. दुसरं, पळून जाणं ही तिथे रुळलेली रीत आहे. मुलाकडचे मुलीच्या घरी कळवतात आणि मग रीतसर लग्न लागतं. आपले प्रेक्षक त्याला कुटुंबाची बेअब्रू समजतील आणि पुढचा तहाचा प्रसंग त्यांना पटणार नाही.

लग्नात वधू बसलेल्या वराभोवती फुलं उधळत सात फेऱ्या घालते. दोन्हीकडच्या बायका पाण्यात एकेक मासा सोडतात, दोघे जोडीने पोहले की शुभ. कॅमेरा पाण्यावर का थांबलाय ते यामुळे कळेल. याओशांग हा सण फाल्गुन पौर्णिमेपासून पाच दिवस, तेव्हा चांदण्यात मुलंमुली हात धरून थाबल चोंगबा नाचतात. निंगोल चाकौबाला लेकी माहेरी जेवायला येतात, दिवसही आपल्या भाऊबीजेचाच.

सुरसागरकाठ
पान उद्याच करायला घेतो. गाण्यांचं काय?

अलकापुरी
पहिलं कडवं आणि धृपद एकदा. धृपद पुन्हा आलं की पडदा मोकळा ठेवा, पण शब्द बदलला असेल तर तेवढी ओळ द्या. गाणं चालू असताना मागे संवाद असेल तर आधी संवाद. गाण्याची ओळ तिरपी करू नका, देवनागरी तिरपी लांबून वाचता येत नाही. दोन्ही बाजूंना ♪ पुरतं, फक्त ते चिन्ह तुमच्या फॉन्टमध्ये आहे का ते चाचणीच्या पट्टीतच बघून घ्या.