मदत हवी आहे: साडेचार वर्षांची लेक अंगठा चोखते, कशी सोडवू?

नमस्कार मंडळी,

लेक साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत आहे आणि अंगठा काही सोडत नाही. अगदी तान्ही होती तेव्हापासूनची सवय आहे. तेव्हा सगळे कौतुकाने फोटो काढायचे आणि आता तेच सगळे मला विचारतात की अजून चोखते?? पॅटर्न ठरलेला आहे. उजवा अंगठा तोंडात आणि डाव्या हातात माझ्या एका जुन्या कॉटनच्या ओढणीचं टोक, ते नाकाशी घासत बसायचं. टीव्ही लावला की, शाळेच्या व्हॅनमधून उतरली की, दुपारी झोप आली की आणि रात्री तर विचारूच नका. शाळेत मात्र फारसं नाही म्हणे, टीचरना विचारलं मी, गोष्ट सांगायच्या वेळी तेवढं तोंडात जातं.

अंगठ्यावर आता घट्टा पडलाय आणि मागे नखाच्या कडेला नखुरडं होऊन पू झाला होता तेव्हा डॉक्टरकडे न्यावं लागलं. तेवढ्यापुरतं बँडेज होतं तर पठ्ठीने डावा अंगठा घातला तोंडात!

घरात तीन पक्ष आहेत. साबा (सासूबाई) म्हणतात काळा बोळ लाव, त्यांनी दोन्ही मुलांचं अंगावरचं दूध त्यानेच सोडवलं होतं. नवरा म्हणतो सोडून दे, कॉलेजला कोणी अंगठा चोखत जात नाही. शेजारच्या आजी म्हणतात बाळकृष्ण वडाच्या पानावर पडून पायाचा अंगठा चोखत होताच की (आजी, तो प्रलयात एकटा होता, त्याला केजी अ‍ॅडमिशन नव्हती). आणि मी मधे. मागच्या महिन्यात एका लग्नात मामेसासऱ्यांनी सगळ्यांसमोर अंगठाबहाद्दर म्हणून चिडवलं तर ही टेबलाखाली जाऊन बसली आणि तिथे आणखी जोरात सुरू. तेव्हापासून मला ओरडून वगैरे काही करायचं नाहीये एवढं पक्कं झालंय पण मग करायचं काय ते कळत नाही.

प्रश्न असे की दातांवर खरंच परिणाम होतो का, की ती भीती घालायची गोष्ट आहे? कडू नेलपॉलिश मिळतं ते मुलांना सेफ असतं का? आणि रात्रीचं काय करायचं, झोपेत तर तिला स्वतःलाच कळत नाही. आम्ही नाशिकला असतो, पण अनुभव कुठलाही चालेल.

— ओवीची_आई

—

निवडुंग:
काळ्या बोळाला माझं अनुमोदन. उगाळून लावायचा, कोरफडीचाच वाळवलेला रस असतो तो, भयंकर कडू. माझ्या मोठ्याने एका आठवड्यात सोडला. धाकटीने मात्र तोंड वाकडं करत करत चाटून संपवला आणि अंगठा परत आत, त्यामुळे गॅरंटी देत नाही. मिरची कोणी सांगितली तर अजिबात ऐकू नको, तोच हात डोळ्याला जातो आणि मग रात्रभर रडारड.

मुक्काम_पोस्ट_सांगली:
कडू काहीही लावायच्या विरोधात आहे मी. लेकरू दमलं की ज्याचा आधार घेतं त्यालाच विष लावल्यासारखं वाटतं मला. आमच्या पोराच्या बाबतीत आम्ही फक्त हात रिकामा राहू दिला नाही. टीव्हीसमोर बसला की हातात कणकेचा गोळा, शेंगा सोलायला द्यायच्या, दोऱ्यात मोठे मणी ओवायला द्यायचे, काहीही. बघता बघता दिवसाचं बंद झालं. तुमच्याकडे टीव्ही हाच मोठा ट्रिगर दिसतोय, तर महिनाभर टीव्ही कमी केला तरी फरक पडेल. आणि हो, तोंडातून काढ, काढ म्हणत बसू नका, ते म्हटलं की अंगठा आठवतोच.

दंतमंजन:
मी लहान मुलांची डेंटिस्ट आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

पहिली गोष्ट, ही सवय म्हणजे आजार नाही आणि आईचं काही चुकलं असंही नाही. पोटातलं बाळसुद्धा अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसतं. बरीच मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपणहून सोडतात. तुमची लेक त्या वयाच्या थोडी पुढे गेलीय एवढंच, घाबरायचं नाही पण आता लक्ष घालायची वेळ आहे हे खरं. कारण साधारण सहाव्या वर्षी पक्के दात यायला लागतात, आधी खालचे पुढचे आणि मागच्या दाढा, मग सात-आठच्या सुमाराला वरचे पुढचे. त्याच्या आत सुटलं तर दुधाच्या दातांमधली पुढची फट बऱ्याचदा आपोआप भरून येते. नंतरही चालू राहिलं तर वरचे दात पुढे, खालचे आत, आणि दाढा मिटल्या तरी पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत. शिवाय अंगठ्यामुळे जीभ खाली दबलेली राहते आणि गाल बाहेरून आत दाबतात, त्यामुळे वरचा जबडा अरुंद होतो. ही अरुंद होण्याची भानगड पुढच्या फटीसारखी सहज आपोआप सुधारत नाही, म्हणून आम्ही जास्त तिच्याकडे बघतो.

पण सगळ्या मुलांना सारखा त्रास होत नाही. किती जोर लावते आणि किती तास, यावर सगळं आहे. नुसता अंगठा तोंडात पडून राहत असेल तर फार बिघडत नाही. गाल आत जातायत, चोखल्याचा आवाज येतोय, अंगठा बाहेर काढताना टप् असा आवाज होतोय तर जोर आहे. तुम्ही घट्टा लिहिलाय म्हणजे जोर असावा. घरी एक बघा, तिला दाढा दाबून मोठ्ठं ई करायला सांगा. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधून जीभ दिसते का? स, श म्हणताना जीभ बाहेर येते का?

नेलपॉलिशबद्दल: त्यात जो कडू पदार्थ असतो तो फार थोडा पुरतो आणि त्याच कामासाठी वापरतात, पण पॅकवर कुठल्या वयापासून ते बघून घ्या आणि नखुरडं किंवा चीर असेल तेव्हा लावू नका, चरचरतं. आणि मुलीला सांगून, ती हो म्हणाली तरच. आठवण म्हणून लावायचं, शिक्षा म्हणून नाही. चोरून लावलं की मुलं चिडतात आणि सवय पक्की होते असंच मी बघत आलेय.

तोंडात बसवायचं तारेचं यंत्र असतं, दाढांना रिंगा लावून टाळूपाशी जाळी येते. ते शेवटचा उपाय, सहाच्या पुढे, आणि मूल स्वतः सोडायला तयार असेल तेव्हा. साडेचारला मी तरी बसवणार नाही.

भटक्या_विमुक्त:
न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये हजारावर मुलांना जन्मापासून फॉलो करतायत, त्यांचा २०१६ मध्ये पेपर आला होता. त्यात अंगठा चोखणाऱ्या आणि नखं खाणाऱ्या मुलांना पुढे १३व्या वर्षी त्वचेच्या टेस्टमध्ये अ‍ॅलर्जी कमी निघाली होती. दमा किंवा ‘हे फीव्हर’ (परागकण वगैरेंच्या अ‍ॅलर्जीने होणारी सर्दी) यांत फरक नव्हता पण. म्हणजे सवय लावा असं नाही म्हणत मी, साबांना सांगायला एक मुद्दा.

निवडुंग:
@भटक्या, अ‍ॅलर्जीचं राहू दे, आमच्याकडे जंत निघाले होते! मातीत खेळायचं आणि तोच अंगठा तोंडात. अंगणवाडीत फेब्रुवारी-ऑगस्टमध्ये जंताची गोळी देतात ती चुकवू नका, केजीतली मुलं बऱ्याचदा राहून जातात.

शून्य_प्रहर:
तुमच्या नवऱ्याच्या पक्षात मी. इतका विचार केला की मुलंही त्याचा इश्यू करतात. फक्त एक, माझा एक आतेभाऊ इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पांघरुणात चोखायचा आणि नंतर ब्रेसेसला लाखाच्या घरात खर्च आला, त्यामुळे माझं मत फार सिरियसली घेऊ नका 😀

कऱ्हाडची_कन्यका:
अगं ओढणी! ती आणि अंगठा जोडीने चालतात. माझ्या भाचीचं पण सेम होतं, तिची गोधडी होती. आम्ही अंगठ्याला हातच लावला नाही, गोधडीचं बघितलं. आधी गोधडी फक्त पलंगावर, सोफ्यावर नाही, गाडीत नाही. मग तिचा कोपरा कापून छोटा रुमाल केला, भाचीला विचारूनच हां, तिनेच कात्री धरली. रुमाल नसला की अंगठाही विसरायची. एकदम काढून घेऊ नकोस मात्र, आणि शाळा बदल, घर बदल, नवीन बाळ वगैरे चालू असेल तर तेवढा काळ थांब.

मुक्काम_पोस्ट_सांगली:
कन्यका +१. आणि कॅलेंडरवर स्टिकर. पण पूर्ण दिवसाचा नाही, तिच्याकडून होणारच नाही आणि मग ती चार्टच फाडेल. फक्त टीव्हीच्या वेळेचा. किंवा व्हॅनमधून उतरल्यापासून जेवणापर्यंत. नाही जमलं तर स्टिकर नाही, बोलणी पण नाहीत.

ओवीची_आई:
सगळ्यांना खूप धन्स!! ई केलं. थोडी फट आहे, जीभ दिसते, पण स नीट म्हणते. आवाज तर येतो, टप् पण होतो. हसूनहसून दोन-तीनदा करून दाखवलं तिने, तिला वाटलं खेळच आहे. आरशात तिची तिने फट बघितली आणि म्हणाली इथून स्ट्रॉ जाईल. ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

टीव्हीपासून सुरू करतेय, साबांना शेंगांचं काम आवडलं, त्या म्हणाल्या निदान कूट तरी होईल. काळा बोळ त्यांनी आणून ठेवलाय पण तिला विचारल्याशिवाय लावायचा नाही यावर तह झालाय. मामेसासऱ्यांना नवऱ्याने फोन करून सांगितलंय की पुन्हा तो विषय नको.

रात्रीचं अजून कोणी बोललं नाही. हातमोजा घातला तर झोपेत काढून टाकते. एका मैत्रिणीने कोपराला क्रेप बँडेज बांधायला सांगितलंय म्हणजे हात वाकत नाही, करू का?

दंतमंजन:
क्रेप बँडेज झोपेत घट्ट होतं, घरच्या घरी नको. बोटं गार पडली, सुजली तर तिला सांगताही येणार नाही. त्यापेक्षा बाही लांब असलेला जुना टीशर्ट घेऊन उजव्या बाहीचं टोक शिवून टाका, पूर्ण हात आत राहतो आणि झोपेत तिला काढता येत नाही. हे पण तिला दाखवून, हवं तर तिच्याकडून त्यावर चित्र काढून घेऊन. डाव्या हाताला मोकळं ठेवा, तो ओढणीला लागेल. डावा अंगठा गेलाच तर दोन्ही बाह्या.

पण हे लगेच नको. आधी दिवसाचं बऱ्यापैकी कमी होऊ दे, मग रात्र. झोपल्यावर गाढ झोप लागली की अंगठा हळूच तोंडातून काढून ठेवा, परत घातला तर घालू दे. आणि पुढच्या एक-दोन महिन्यांत पीडोडॉन्टिस्टला (लहान मुलांच्या डेंटिस्टला) एकदा दाखवून घ्या, दाढांचा चावा नीट बसतोय का एवढं बघायला. नाशिकला डेंटल कॉलेजं आहेत, तिथे कमी पैशात होतं. तिथे जाताना अंगठ्यासाठी चाललोय असं सांगू नका, दात मोजायला चाललोय म्हणा, वीस दुधाचे असतात, तिला मोजायला लावा.

ओवीची_आई:
बाही शिवायची आयडिया भारी आहे, आजच जुने टीशर्ट काढते. दात तिने आत्ताच मोजले, एकवीस आले. परत मोजतोय.