दहा महिन्यांचं बाळ चावतं, वीस महिन्यांचंही चावतं. दोघांना एकच नियम लावायचा का?

मांजलपूर_पाळणाघर
बडोद्यात मांजलपूरला पाळणाघर चालवते. सहा महिने ते अडीच वर्षांची मुलं एकाच मोठ्या खोलीत असतात. मदतनीस बायकांसाठी एका पानाच्या सूचना लिहायच्या आहेत. तक्रारी वरून सारख्याच दिसतात: चावणं, किंचाळणं, वस्तू फेकणं, आई दाराबाहेर गेली की आकांत. पण लहान-मोठ्यांना एकाच पद्धतीने हाताळलं की कुठेतरी फसतं. फरक नेमका कशात करायचा, आणि डॉक्टरांकडे कधी पाठवायचं? ‘मोठं झालं की सुटेल’ आणि ‘लाडावलंय’ ही दोन उत्तरं ऐकून झाली आहेत, ती सोडून सांगा.

बालविकास_फत्तेगंज
ताई, वर्तन काय आहे यापेक्षा ते मुलाला कशासाठी लागतंय ते पाहा. तिथेच फरक आहे.

पहिल्या वर्षातल्या तक्रारी मुख्यतः तीन: रडणं, झोप, खाणं. तिन्ही शरीराची घडी बसण्याशी निगडित. रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. तुमच्याकडची मुलं हा टप्पा ओलांडून आलेली असतात, पण सहा-सात महिन्यांचं बाळ रडतं तेव्हाही त्यात डाव नसतो. लगेच उचला. उचलल्याने सवय लागते हा समज या वयाला लागू नाही.

आठ-नऊ महिन्यांना आईवरून आकांत सुरू होतो. आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे हे आता बाळाला कळतं. परत कधी येणार हे कळत नाही. दहा ते अठरा महिने हा जोराचा काळ. आईने नजर चुकवून पळणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण मग मूल दिवसभर दारावर पहारा देतं. रोज तोच निरोप, तोच हात हलवणं, आणि अर्ध्या मिनिटात बाहेर.

वस्तू फेकण्याचंही तसंच. दहा महिन्यांचं बाळ वाटी टाकतं ते आवाज ऐकायला आणि वाटी जाते कुठे ते पाहायला. वीस महिन्यांचं आधी तुमच्याकडे बघतं, मग टाकतं. पहिल्याला फेकायला चेंडू द्या. दुसऱ्याची वाटी शांतपणे उचलून ठेवा, पाच मिनिटांनी परत द्या.

वर्ष-सव्वा वर्षानंतर पाय आले, हट्ट आला, शब्द मात्र दहा-पंधराच. या दरीत आदळआपट होते. मदतनिसांसाठी एकच ओळ लिहायची तर: वर्षाच्या आत गरज भागवा, वर्षानंतर राग मान्य करा, मागणी मान्य करायलाच हवी असं नाही.

मारण्याबद्दलही एक गैरसमज काढा. ‘दुसऱ्यांचं पाहून शिकला’ असं पालक म्हणतात. कॅनडातले रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तेव्हा हाताने मारणं-ढकलणं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान सर्वाधिक दिसलं, नंतर बहुतेकांत ते कमी होत गेलं. म्हणजे मूल शिकतं ते न मारायला. आणि ते शिकवावं लागतं.

नंदाताई_अंगणवाडी
चावण्याचं नेमकं सांगते.

दहा महिन्यांचं: हिरड्या शिवशिवतात. गार पाण्यात भिजवून पिळलेलं सुती फडकं चघळायला द्या, बर्फात गोठवलेलं नको. चावल्यावर ‘आई गं!’ म्हणून ओरडू नका, हसूही नका. ओरडलात की त्याला बटण सापडतं आणि ते पुन्हा दाबून बघतं. तोंड हलकेच बाजूला करा, बस.

वीस महिन्यांचं: आधी ज्याला चावलंय त्याच्याकडे जा, चावणाऱ्याकडे नंतर. जखम साबण-पाण्याने धुवा. कातडी फाटली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. मग चावणाऱ्याच्या उंचीला बसून तीनच शब्द: ‘चावायचं नाही. दुखतं.’ लगेच पर्याय द्या: ‘दे म्हण’, किंवा हात पुढे करायची खूण. लांब भाषण, बळेच सॉरी, ‘कळू दे कसं लागतं’ म्हणून उलट चावणं, यातलं काहीही नको. दोन्ही घरांना सांगा, पण कोणी चावलं ते नाव सांगू नका.

आठवडाभर वही ठेवा: वेळ, आधी काय चाललं होतं, जवळ कोण होतं, नंतर काय मिळालं. बहुतेकदा नोंदी एकाच जागी गोळा होतात. जेवणाआधीचा अर्धा तास, किंवा एकच लाल गाडी आणि चार मुलं. मग जेवण वीस मिनिटं अलीकडे आणा आणि तशाच गाड्या तीन ठेवा. वागणुकीवर उपदेश करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

मांजलपूर_पाळणाघर
लोळण घेतली की दुर्लक्ष करा, असं बरेच जण सांगतात. करायचं का?

बालविकास_फत्तेगंज
अर्धंच खरं. वर्षाच्या आतल्या रडण्याकडे दुर्लक्ष कधीच नाही. चावणं-मारणं लगेच थांबवायचं. बिस्किटासाठीच्या लोळणीकडे दुर्लक्ष चालतं, पण सुरू केलं तर निभवा: पहिले काही दिवस ती वाढते, जोरात होते. नेमकं तेव्हाच कोणी बिस्किट दिलं तर मूल शिकतं की आणखी मोठ्याने ओरडायला हवं होतं. तीन बायकांपैकी एक कच्ची पडली तरी सगळं वाया.

पोटेगल आणि डेव्हिडसन यांच्या २००३ च्या अभ्यासात अशा बहुतेक लोळण्या पाच मिनिटांच्या आत संपल्या. राग सुरुवातीला उसळतो. रडवेलेपणा टिकून राहतो. उसळीत समजावणं म्हणजे तेल ओतणं. डोक्याखाली उशी सरकवा, गप्प जवळ बसा. किंचाळण्याचं हुंदक्यांत रूपांतर झालं की मांडीवर घ्या. तेव्हा घेतल्याने लाड होत नाहीत.

डॉ_लहानमुले
वैद्यकीय बाजू.

काही मुलं रडता रडता श्वास रोखतात, ओठ निळे पडतात, क्षणभर गळून जातात. हे बहुधा सहा ते अठरा महिन्यांत सुरू होतं. कुशीवर झोपवा. पाणी शिंपडणं, गदागदा हलवणं, तोंडात बोट किंवा चमचा घालणं बंद. साधारण मिनिटाच्या आत मूल सावरतं. एक मिनिटापेक्षा जास्त चाललं, हातपाय झटकत राहिलं किंवा न रडताच घडलं, तर तडक दवाखाना. साधं वाटलं तरी पहिल्या वेळेनंतर तपासणी हवीच, हिमोग्लोबिनसह. लोहाची कमतरता असेल तर ती भरून काढल्यावर हे झटके बऱ्याच मुलांत कमी होतात.

तिथून दुधाकडे येतो. वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटरहून जास्त दूध पिणारं मूल जेवत नाही आणि लोह कमी पडून चिडचिडं होतं. पालक चिडचिड ‘स्वभाव’ म्हणून सांगतात. सरकारी कार्यक्रमात सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलि लोहाचं सिरप असतं. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे विचारा.

वर्षानंतर भूक कमी होणं मात्र आजार नव्हे. पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं, दुसऱ्यात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. नवा पदार्थ नाकारणं दीड-दोन वर्षांत वाढतं. तोच पदार्थ चमचाभर, दहा-पंधरा वेळा, जबरदस्तीशिवाय.

पाठवायचं कधी: आलेले शब्द किंवा खुणा गेल्या तर कोणत्याही वयात, वर्षाचं होऊनही नावाला वळत नसेल, दीड वर्षाला बोट दाखवत नसेल, तीन वर्षांनंतर लोळण नेहमीच पंचवीस मिनिटांवर जात असेल किंवा मूल स्वतःला जखमा करत असेल. रडणं, झोप आणि खाणं या तिन्हींचा त्रास एकत्र आणि महिनोन्‌महिने टिकला, तर त्या मुलावर पुढेही लक्ष ठेवा. अशा मुलांत नंतर वर्तनाच्या अडचणी जास्त आढळतात.

मांजलपूर_पाळणाघर
खूपच उपयोगी. झोपेचं एक राहिलं. इथे घरोघरी घोडियुं, म्हणजे गुजराती झोळीचा पाळणा, असतं. दीड वर्षाची मुलं झोका दिल्याशिवाय डोळा मिटत नाहीत.

झोप_आणि_दिनक्रम
मूल स्वतः उठून बसायला, कठड्यावर चढायला लागलं की घोडियुं सुरक्षेसाठीच बंद. एरवी झोका हळूहळू सोडवायचा. पहिले तीन-चार दिवस डोळे जड होताच झोका थांबवा, पुढचे तीन-चार दिवस नुसता हात पाठीवर, मग गादी जमिनीवर. मधे एक दुपार ‘आजच्यापुरता’ झोका दिला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. जायफळ उगाळून चाटवणं नको. आजी देत असतील तर पालकांना स्पष्ट विचारा. वर्ष ते दोन वर्षांत दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. नवरात्रात गरबा उशिरापर्यंत चालतो, तेव्हा दुपारची झोप अर्धा तास वाढवा. त्या नऊ दिवसांत सवय मोडायला घेऊ नका.

वाचा_उपचार_बडोदे
चावणारं वीस महिन्यांचं मूल किती शब्द बोलतं ते मोजा, मराठी-गुजराती-हिंदी मिळून. ‘मांजर’ घरी आणि ‘बिलाडी’ तुमच्याकडे, तर शब्द दोन. दोन वर्षांना पन्नासच्या आसपास शब्द आणि ‘पाणी दे’सारख्या जोड्या अपेक्षित. तीन भाषांमुळे उशीर होतो म्हणून थांबू नका, तसं होत नाही. कमी असतील तर आधी कानाची तपासणी, जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणाऱ्या सरकारी केंद्रात, ती मोफत होते. आणि खोलीतला टीव्ही बंद ठेवा, दोन वर्षांच्या आत शून्य.