मदत हवी आहे : जुन्या वाड्यातली ओल आणि दुरुस्तीचा खर्च

कोल्हापुरात शिवाजी पेठेत एका ट्रस्टच्या वाड्यात सवलतीच्या भाड्याने राहतो. वाडा हेरिटेज यादीत आहे. गेल्या वर्षी 'नूतनीकरण' झालं, म्हणजे चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा थापून वर ऑइलपेंट. आता ओल आतच अडकलीय. हात लावला की पोपडे पडतात, जिन्याची तुळई खालून भुसभुशीत झालीय. कौलं तर शेकारलीच नाहीत.

ट्रस्टचं उत्तर ठरलेलं: "एवढ्या भाड्यात अजून काय पाहिजे?" भाडं थकलेलं नाही, पावत्या आहेत. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४ प्रमाणे दुरुस्ती करा म्हणून पोस्टाने नोटीस दिली. १५ दिवस उलटून गेले. आता दुरुस्ती आपण करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशच. आमच्या भाड्यात तेवढ्यात चुन्याची गोणीसुद्धा येणार नाही. (म्हाडाचं दुरुस्ती मंडळ सुचवू नका, ते मुंबईपुरतं आहे. वाडा सोडायचा नाही.)

उरलेला खर्च पुढच्या वर्षीच्या भाड्यातून कुणी वळता केलाय का? सिमेंट खरवडायला महापालिकेची परवानगी भाडेकरू मागू शकतो, की अर्ज मालकाचाच लागतो? आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी कोल्हापुरात कुठे मिळेल?