नातीचं चित्र काढतो, पण ती म्हातारी दिसते. काय करावं?

ड्रॉइंगमास्तर, अंबाजोगाई
नमस्कार मंडळी. ३१ वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली, गॅदरिंगचे पडदे रंगवले, पोळ्याचे बैल तर फळ्यावर डोळे झाकून काढायचो. पण साडेतीन वर्षांची नात काही कागदावर उतरंना. नाक काढलं की माझी थोरली बहीणच दिसायला लागते. सून म्हणाली, "मामा, या तर आत्याबाई!"

नेटवर फ्रेंच चित्रकार रेन्वारची लाल खडूतली लेकरं बघितली. गाल नुसता फुंकर मारून ठेवल्यासारखा, कडेला रेघ असून नसल्यासारखी. माझ्याकडं ६बी पेन्सिल अन् कार्ट्रिज पेपर. ते लाल काय असतं? अन् लेकरू बसवायचं कसं? आमची दोन मिनिटं टिकत नाही. वय ६३, सकाळी बोटंही आखडतात.

परभणीची चित्रकार
सर, तो खडू म्हणजे सँग्विन. त्याचा लाल रंग लोहाच्या मातीचा, म्हणजे तुळशीवृंदावनाला देतो त्या गेरूचा भाऊबंदच. पेन्सिलीसारखा चकाकत नाही, अंगठ्यानं पसरतो, म्हणून गाल कातडीचा वाटतो.

पण घोळ खडूचा नाही, नाकाच्या रेघेचा आहे. लेकराच्या नाकाला बांधा कुठं आलाय अजून? नाकपुडीखाली जराशी सावली द्या, बाकी कागद कोरा सोडा. डोळेही खाली घ्या, कपाळ मोठं येऊ द्या. वर्गात आपण मोठ्या माणसाचं डोकं शिकवतो, डोळे बरोबर मध्यावर. तेच तुमच्या हाताला बसलंय.

आणि बसवताय कशाला? 'गॅब्रिएल आणि ज्याँ' बघा, १८९५-९६ चं, पॅरिसच्या ओरांजरी म्युझियममधलं. मुलांना सांभाळणारी गॅब्रिएल रेन्वारच्या मुलाला जवळ घेऊन खेळण्यातल्या जनावरांत रमवतेय. पोराचं बापाकडं लक्षच नाही. सूनबाईंना तसं बसवा.

बोटांचं म्हणाल, तर त्याचा धाकटा मुलगा क्लोद, म्हणजे लाडका कोको, १९०१ ला झाला तेव्हा रेन्वार साठीचा होता, संधिवात मागं लागलेला. त्या कोकोची चित्रं त्यानं पुढं कितीतरी काढली.

उदगीरकर
ज्याँचं बिस्किट धरलेलं एक लिथोग्राफही (दगडावरून छापलेलं चित्र) आहे, १८९८-९९ च्या सुमाराचं. ग्लुकोजचा पुडा आणा मास्तर, पाच रुपयांत मॉडेल बसतंय.

लेणीवेडा, सिल्लोड
एवढं लांब कशाला? अजिंठ्याचं १७ नंबरचं लेणं. भिक्षापात्र घेतलेला एवढा मोठा बुद्ध, पुढं यशोधरा अन् मान वर करून बघणारा राहुल.

ड्रॉइंगमास्तर, अंबाजोगाई
लेणीवेडे, खरंय. सहली कैक वेळा नेल्या, पण पोरं मोजण्यातच जीव जायचा. राहुल कधी धड बघितला नाही.

काल केलं. लाल खडू आणीपर्यंत दम निघंना म्हणून गेरूचा खडा सहाणेवर घासला, कोरडाच कापसाच्या बोळ्यानं गालाला लावला. नाकाला हात लावला नाही. सून बाहुली नाचवत होती, मधूनमधून बिस्किट. सहा-सात मिनिटं मिळाली. हनुवटी घसरलीय, एक कान जरा वर गेलाय. पण सूनबाई आत्याबाई म्हणाल्या नाहीत.

नातीनं कागद उलटासुलटा करून बघितला अन् म्हणाली, "आबा, माझं बिस्किट कुठंय?"

ते काढायचं राहिलं.