प्रतिसाद : पोरवयातले दुखणे पुढेही पाठ सोडत नाही
‘वयात येताना मुले अशीच अबोल, आळशी होतात, नोकरी लागली की सुधारतात’ हे मत मला पटत नाही. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या तरुणांचा पुढे अनेक दशके मागोवा घेतला गेला, तेव्हा त्या वयात मानसिक आजाराचे निदान झालेल्यांत अकाली मृत्यूचा धोका अधिक दिसला. आणि त्यामागे केवळ आत्महत्या नव्हती, तर व्यसन, अपघात आणि हृदयविकारही होते. आपल्या निपाणी-चिकोडीच्या तंबाखूपट्ट्यात अबोल झालेल्या मुलाच्या खिशात पुडी येते ती याच वयात, आणि घरात मात्र ‘अंगात आळस भरलाय’ एवढेच बोलले जाते. अशा मुलाला कृपया धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत दाखवावे. तूर्त जाणे जमत नसेल, तर १४४१६ हा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे.