वडिलांची पद्मिनी भंगारात द्यावी का? आणि रावळगावच्या गोळ्यांचं काय?

कोथरूडकर

आमची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. बिल्डरच्या करारात दर फ्लॅटमागे एकच पार्किंग, आणि आमच्याकडे दोन गाड्या: रोजची वॅगन-आर आणि वडिलांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी. परवाच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी सगळ्यांदेखत म्हणाले, "ते खटारं आता भंगारात काढा, जागा तरी मोकळी होईल." फार लागलं ते. तेव्हा इथल्या जाणत्यांचं मत हवंय.

माझं मत आधीच सांगतो. चालती गाडी भंगारात देऊ नये.

ही गाडी आपल्या मातीतली आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे इटलीच्या फियाटबरोबर कुर्ल्याच्या कारखान्यात आधी 'डुक्कर फियाट', मग ११०० डिलाइट, आणि सत्तरच्या दशकात तीच पद्मिनी झाली. याच वालचंदांनी मालेगाव तालुक्यात रावळगावला १९३३ मध्ये साखर कारखाना उभारला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या बनू लागल्या. आम्ही चौघं भावंडं मागच्या सीटवर दाटीवाटीने बसून पान पसंद, मँगो मूड चघळत साताऱ्याला आजोळी जायचो, तेव्हा बुडाखालची गाडी आणि तोंडातली गोळी दोन्ही एकाच माणसाच्या खटाटोपातून आलेल्या होत्या!

ज्यांनी ती चालवलेली नाही त्यांच्यासाठी: गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे सलग बाक, दाराला छोटी त्रिकोणी काच. ती काच फिरवली की वारा थेट तोंडावर. खंबाटकी घाटात इंजिन तापायचंच. बाबा गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडायचे, आणि आई पर्समधून एकेक गोळी वाटायची. कागदाची दोन्ही टोकं ओढली की गोळी गर्रकन फिरून मोकळी व्हायची. चावायची नाही असा नियम होता, रेडिएटर थंड होईपर्यंत पुरवायची. माझ्या धाकट्या बहिणीची गोळी नेहमी सगळ्यात शेवटी संपायची आणि ती जीभ काढून आम्हाला दाखवायची.

२०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांची नावं रिलायन्सने २७ कोटींना घेतली. ८० वर्षांची पुण्याई, आणि किंमत एवढीच. कुर्ल्याचा कारखाना तर कधीच गेला. जे दारात उभं आहे आणि एका चावीत सुरू होतं, ते मी स्वतःच्या हाताने तोडायला द्यायचं?

सिंहगडरोडवासी

भावना कळते, पण पटत नाही.

त्या काळी फियाट घेतली जायची कारण दुसरं होतंच काय? फियाट नाहीतर अँबेसिडर. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. बजाजची चेतक स्कूटर तर इथे आकुर्डीत बनायची, तरी पुणेकरालासुद्धा थांबावं लागायचं. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर भरले तर मात्र लवकर मिळायची. गिऱ्हाईक दाराशी ताटकळत उभं असल्यावर कारखान्याने सुधारणा कशाला करायची? साठच्या दशकातली इटालियन गाडी आपल्याला जवळजवळ ४० वर्षं विकली गेली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा लोकांनी कुठे गर्दी केली ते आठवा. ते लोक काय कृतघ्न होते?

पुढच्या सीटला पट्टा सक्तीचा झाला १९९४ मध्ये. शिसं नसलेलं पेट्रोल देशभर आलं २००० मध्ये. तुम्ही चौघं उघड्या काचेतून घाटात जो वारा खात होता, त्यात पुढच्या ट्रकचा धूर आणि पुढच्या गाडीचं शिसं होतं. मला त्या काळाचं कौतुक करवत नाही.

गोळ्यांचंही तेच. साखर, ग्लुकोज, रंग, एसेन्स. वाण्याकडच्या बरणीतल्या सुट्या पिवळ्याधमक गोळ्यांत मेटॅनिल यलो हा रंग असायचा, ज्याला खाण्यात परवानगीच नाही.

आणि मुख्य मुद्दा जागेचा. एका गाडीला साधारण १२ चौरस मीटर लागतात. तेवढ्यात पाच-सहा दुचाकी उभ्या राहतात. तुमच्याच सोसायटीतली नवी जोडपी गाड्या रस्त्यावर लावत असतील, रात्री सीट फाडल्या जात असतील. महिन्यातून एकदा फिरणाऱ्या गाडीसाठी त्यांनी का सोसायचं?

डेक्कनची मुलगी

दोघांनाही एक विचारते. या सगळ्या आठवणींत आई कायम मागे, नाहीतर शेजारच्या सीटवर गोळ्या वाटताना. चालवताना कुठे आहे?

आमच्याकडेही फियाट होती. स्टिअरिंग जड, गिअर अडखळणारा, आणि काकूने शिकायचं म्हटलं की काका म्हणणार, "क्लच जाळशील." तिने नाद सोडला. पुण्यातल्या बायका घराबाहेर पडल्या त्या लूनावरून. १९७२ मध्ये इथल्याच कायनेटिकने आणलेली, ५० सीसीची, पेट्रोल संपलं तर सायकलसारखी पॅडल मारत घरी आणता येणारी. मग १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली: गिअर नाही, किक मारायची गरज नाही, बटण दाबलं की सुरू. साडी नेसूनही आई सहज चालवायची. लक्ष्मी रोडवरची तिची बँक, माझी शाळा, मंडई, सगळं त्या बटणावर. डिकीत श्रीखंडाच्या गोळ्यांची पुडी असायची, उन्हाने चिकट झालेली, कागदासकट खाल्लेली.

जुनं जपायचं तर जरूर जपा. पण पुण्याचं जुनं म्हणून कोणी फियाट दाखवायला लागलं की मला राग येतो. ती मोजक्या घरांची गाडी होती. कायनेटिक होंडा कोणी जपून ठेवली असेल तर सांगा, मी बघायला येईन.

गॅरेजवाला_दांडेकरपूल

मतं तुमची चालू द्या, मी गाडीचं सांगतो.

पद्मिनीला सगळ्यात वाईट काय, तर नुसतं उभं राहणं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी दोन महिने हलली नाही की पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि पत्रा आतून गंजतो. जुन्या रबरी नळ्या फुगतात, तडकतात. फ्युएल पंपाचा पडदा जातो, आणि मालक म्हणतो "गाडी अचानक बंद पडली." अचानक काही नसतं. इथेनॉल चालतं अशा नळ्या आणि पडदा टाकायचा, कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल जातं ते भोक) थोडा मोठा करायचा, कारण या पेट्रोलवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. लांब उभी ठेवणार असाल तर टाकी रिकामी करायची. एवढं केलं तर ते १०८९ सीसीचं इंजिन अजून पुष्कळ चालेल.

(इथेनॉल उसापासूनही बनतं. वालचंदशेठनी साखर आणि गाडी दोन्ही काढली, आता साखरच गाडीला खातेय. असो.)

स्पेअर पार्टचं अवघड होतंय. बुधवार-रविवारी जुन्या बाजारात अजून काही सापडतं. मुंबईच्या टॅक्सी निघत होत्या तोवर तिकडून माल यायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली, तो झरा आटला.

कायद्याचं: १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी फेरनोंदणी, वर पर्यावरण कर. व्हिंटेज नोंदणीला ५० वर्षं लागतात, म्हणजे तुमची २०३२ ला बसेल. आणि ती पाटी लागली की रोज फिरवता येत नाही. आधी आरसी तपासा, मुदत संपली असेल तर बाकी चर्चा फुकट.

रविवारपेठ_घाऊक

गोळ्यांचा धंदा आमच्या घरात आहे म्हणून लिहितो. गोळीचा भाव नाण्याला बांधलेला असतो. साखर, वीज, मजुरी वाढली तरी ५० पैशांची गोळी ६५ पैशांना विकता येत नाही. तशी नाणीच नाहीत. २५ पैसे तर २०११ मध्ये अधिकृतच बंद झाले. मग गोळी बारीक करा, नाहीतर एकदम रुपया करा. यात जुने कारखाने भरडले गेले. त्यातून सुट्ट्या पैशांऐवजी गोळी द्यायची दुकानदारांची सवयही यूपीआयने संपवली.

सिंहगडरोडवासी, रंगाबद्दल सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. बेनामी सुटा माल वेगळा, नाव-पत्ता छापून कागदात विकणारे वेगळे.

कोथरूडकर

डेक्कनची मुलगी, माझी आई चालवायची हो. मावशांना भरून थेऊरला न्यायची, आणि तिला गिअर बाबांपेक्षा छान पडायचा. म्हणूनच ही गाडी 'बाबांची' असली तरी तिच्यावर हक्क तिचाही आहे. तिला विचारल्याशिवाय सेक्रेटरींना होकार देणार नाही.

सिंहगडरोडवासी, वाट बघावी लागायची हे खरं, पण त्याचा दोष परवान्यांच्या कारभाराला द्या, गाडीला का? वाट बघून मिळालेल्या वस्तूची लोक काळजी घ्यायचे. रविवारी सकाळी बाबा स्वतः प्लग साफ करायचे, पॉइंट घासायचे. आज माझ्या गाडीचं बॉनेट मी उघडतच नाही. ही कला घरातून गेली याचं मला दुःख आहे, आणि पद्मिनी आहे तोवर माझ्या मुलाला ती शिकवता येते. जागेचं म्हणाल तर शेजाऱ्यांच्या वाट्याची घेणार नाही. वारज्याला भाड्याने शेड बघतोय.

सिंहगडरोडवासी

शेड घेताय तर पार्किंगचा आक्षेप मागे घेतला. धुराचा मात्र कायम. त्या इंजिनाला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, आणि तुम्ही ज्या गल्लीतून ती काढाल तिथेही कुणाची तरी मुलं खेळतात. पीयूसीचा आकडा इथे टाका, मग पुढे बोलू.

गॅरेजवाला_दांडेकरपूल

शनिवारी घेऊन या. आधी नळ्या बदलू, जेट बघू, मग पीयूसी. मुलालाही आणा.