वॉश दिल्यावर रणगाड्याचं धड तडकलं – नेमकं चुकलं कुठे?

चिमटा३५ :

नमस्कार मंडळी. चार महिने रोज रात्री तास-दीड तास ज्यावर बसलो, तो प्लॅस्टिक किटचा लेपर्ड-२ ए६ (जर्मन रणगाडा, खऱ्याच्या १/३५ मापाचा) काल सकाळी तडकलेला सापडला. फोटो काढायला अजून हात धजावत नाहीये, म्हणून शब्दांत सांगतो.

याआधी मी दुसऱ्या महायुद्धातलेच रणगाडे केले होते. टी-३४, शर्मन, पँझर ४. आधुनिक रणगाडा हा पहिलाच. मोठमोठे सपाट पत्रे, बुरुजाच्या तोंडावरचं पाचरीसारखं चिलखत आणि ती लांबलचक नळी, या तीन गोष्टींसाठीच हे किट घेतलं. ५५ कॅलिबरची नळी म्हणजे १२० मिमीच्या ५५ पट, खऱ्यात ६.६ मीटर. ३५ ने भागलं की जवळजवळ १९ सेंमी. दोन अर्धुकांचा सांधा घासून ती गोल करायला मला तीन संध्याकाळी लागल्या आणि त्या तीनही संध्याकाळी मजेत गेल्या.

आता काय काय केलं ते क्रमाने लिहितो. धडाचा वरचा भाग खोक्यातूनच किंचित पिळलेला आला होता. नुसता टेकवून पाहिला तर मागच्या डाव्या कोपऱ्यात सुमारे २ मिमी फट राहत होती. मी ती दाबून मिटवली, पातळ सिमेंट (प्लॅस्टिक जोडायचा द्रव गोंद) सोडलं आणि चार रबरबँड लावून रात्रभर ठेवलं. सकाळी सांधा घट्ट होता. ट्रॅक सुट्या कड्यांचे, एका बाजूला ८२. बसवल्यावर थोडे ढिले वाटले म्हणून दोन्ही बाजूंची एकेक कडी काढून ताणून जोडले. मग प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), त्यावर टामिया कंपनीचे नाटो रंग, म्हणजे एक्सएफ-६७ हिरवा, ६८ तपकिरी, ६९ काळा. डिकॅल (चिन्हांचे छाप). वर अ‍ॅक्रिलिक ग्लॉस.

परवा रात्री एनॅमलचा गडद तपकिरी वॉश दिला. वॉश म्हणजे कोपऱ्या-सांध्यांत साचून उठाव देणारा पातळ रंग, हा व्हाइट स्पिरिट या थिनरमध्ये पातळ केलेला. मागच्या डेकवर पंख्यांच्या दोन मोठ्या गोल जाळ्या आहेत, त्यांवर अगदी भरपूर सोडला, कारण रंग जाळीत उतरताना फार छान दिसत होता. पुढचा उतार रंगवता यावा म्हणून मॉडेल ठोकळ्यावर तिरकं टेकवलं होतं, मागचा डावा कोपरा सगळ्यात खाली. तसंच ठेवून झोपलो.

सकाळी त्याच कोपऱ्यातून निघालेला ३ सेंमीचा तडा. डावीकडच्या सातव्या चाकाची भुजा बुडातून तुटून ट्रॅकला लोंबत होती आणि सहाव्या चाकाला बोट लावताच तेही निघालं. तुटलेल्या कडा काचेसारख्या स्वच्छ आहेत, कुठेही विरघळल्याची खूण नाही.

हीच बाटली मी शर्मनवर वापरली होती, तेव्हा काही झालं नाही. शिवाय इथे वर ग्लॉसचा थर होता. मग थिनरने प्लॅस्टिक खाल्लं तरी कसं? आणि रंग न बिघडवता हे सांधता येईल का? छतावरचा न घसरणारा खरखरीत थर मी हाताने केला आहे, तो पुन्हा करायची वेळ येऊ नये एवढंच वाटतं.

राखाडी प्रायमर :

वाचूनच पोटात कालवलं. दोन गोष्टी सांगा. धडाच्या आतून रंग दिला होता का? आणि पंख्यांच्या जाळ्या प्लॅस्टिकच्या भरीव आहेत की आरपार धातूच्या?

चिमटा३५ :

आतून काहीच दिलं नव्हतं, दिसणारच नाही म्हणून. जाळ्या एचिंगच्या, म्हणजे कोरलेल्या पातळ धातूच्या, आरपार. खाली पंख्यांचे भाग आहेत, पण त्यांच्या भोवती मोकळी जागा आहे. चाकांच्या भुजा हलणाऱ्या आहेत, आत प्लॅस्टिकचेच टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे).

राखाडी प्रायमर :

मग चित्र स्पष्ट आहे. सविस्तर लिहितो, कारण असाच एक रणगाडा माझ्याही हातून गेला आहे आणि कारण कळेपर्यंत मी उगाच रंगाला दोष देत होतो.

थिनरने प्लॅस्टिक खाल्लेलं नाही. खाल्लं असतं तर कडा मऊ, चिकट, सुरकुतलेल्या दिसल्या असत्या. तुमच्या कडा काचेसारख्या आहेत, म्हणजे ते ताणाने तुटलंय. आपली किटं पॉलिस्टायरीनची असतात. पॉलिस्टायरीन म्हणजे लांब लांब साखळ्यांचा गुंता. भाग वाकवून चिकटवला की त्या साखळ्या ओढलेल्या अवस्थेत अडकून राहतात. कोरड्यात त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. पण व्हाइट स्पिरिटसारखा द्रव त्यांच्यामध्ये शिरला की एकमेकींवरची त्यांची पकड सुटते, त्या सरकतात आणि जिथे ताण सर्वांत जास्त तिथे केसाएवढी भेग पडते. भेगेत आणखी द्रव ओढला जातो आणि ती पुढे सरकते. नुसता ताण असता तर चाललं असतं, नुसता थिनर असता तरी चाललं असतं. शर्मनवर तुमचे सांधे न ओढता बसले असणार, म्हणून त्याच बाटलीने तिथे काही केलं नाही.

विश्वास बसत नसेल तर स्प्रूचे (किटचे भाग ज्या काड्यांना जोडून येतात त्यांचे) दोन तुकडे घ्या. एक धनुष्यासारखा वाकवून दोन्ही टोकं चिकटपट्टीने बांधा, दुसरा सरळच ठेवा. दोन्हींना ब्रशने थिनर लावत राहा. वाकवलेला थोड्या वेळात तडकेल, सरळ तुकड्याला काहीही होणार नाही.

आता तुमच्या मॉडेलवर ताण कुठे होता ते बघा. एक त्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे तुम्ही २ मिमी फट दाबून मिटवली. रबरबँड काढल्यावरही तो कोपरा उघडायलाच बघत होता, फक्त सिमेंटने त्याला धरून ठेवलं होतं. दुसरा ट्रॅकमध्ये. लेपर्डचं ट्रॅक फिरवणारं दातेरी चक्र मागे असतं. कडी काढून ट्रॅक ताणला की शेवटचं चाक वर ओढलं जातं आणि त्याची भुजा पिळली जाते. म्हणजे सातवी भुजा, आणि तिच्या खालोखाल सहावी.

आणि थिनर तिथे पोचला कसा? वरून नाही. तुमच्या ग्लॉसने त्याचं काम चोख केलं. वॉश जाळ्यांतून आत उतरला, उघड्या प्लॅस्टिकवरून वाहत गेला आणि मॉडेल तिरकं असल्यामुळे नेमका मागच्या डाव्या कोपऱ्यात साचला. धड बंद असल्याने वाफ बाहेर पडायला वाव नव्हता, म्हणून तो रात्रभर ओलाच राहिला. बाहेर तो खूप लवकर उडून गेला असता.

दुरुस्ती नक्की होईल, नवं किट घेऊ नका. पण तड्यात सिमेंट सोडून पुन्हा दाबू नका, ताण तसाच राहील आणि पुढच्या वॉशला शेजारून फुटेल. आधी तीन-चार दिवस हात लावू नका, आतला द्रव पूर्ण उडू द्या. मग धारदार पात्याने मागचा सांधाच उघडा, निदान त्या कोपऱ्यापासून ६-७ सेंमीपर्यंत. भाग जिथे स्वतःहून थांबेल तिथे थांबू द्या. जी फट दिसेल तिच्यात प्लॅस्टिक शीटची पट्टी घालून भरा. पत्रा ओढून फट मिटवायची नाही, फटीच्या मापाची पट्टी कापायची. तड्याच्या मागून, आतल्या बाजूने, १ मिमी जाडीचा आडवा तुकडा लावा. सिमेंट रंगाच्या थरातून धरत नाही, म्हणून चिकटणाऱ्या जागा आधी खरवडून उघड्या करा. बाहेरून जे घासावं लागेल ते केवळ पट्टीएवढं. उभ्या कडेवर असल्याने तुमचं छत वाचेल.

भुजा नुसत्या चिकटवू नका. दोन्ही बाजूंनी ०.८ मिमीचं भोक पाडा, पितळी तार घाला, सुपरग्लूने बसवा. मॉडेल सपाट काचेवर ठेवून सगळी चाकं टेकतात का ते बघूनच ग्लू सुकू द्या. चाकं हलायची हौस इथे सोडून द्यावी असं माझं मत आहे. आणि ती काढलेली कडी परत घाला. लेपर्डच्या ट्रॅकची वरची धाव बाजूच्या स्कर्टमागे (लोंबत्या पत्र्यांमागे) झाकली जाते, ट्रॅक ताणलेला आहे की ढिला हे तिथे कोणी बघणार नाही.

पुढच्या किटला वाकडा भाग रंगाआधीच गरम पाण्यात धरा. उकळतं नको, हाताला सोसवणार नाही इतपत गरम. चिमट्याने बाहेर काढून हळूहळू उलट दिशेला वाकवा, गार पाण्यात बुडवा, पुन्हा टेकवून बघा. चार-पाच फेऱ्या लागतात. बोटाच्या दाबाशिवाय जो सांधा बसतो, त्यालाच सिमेंट लावायचं.

निळी शाई :

वरचं सगळं पटलं. मला वॉशबद्दलच बोलायचं आहे. चिमटादादा, या रणगाड्याला गडद वॉश मुळात हवा होता का? तीन रंगांतल्या काळ्या पट्ट्यांवर गडद तपकिरी दिसतच नाही, हिरव्यावर थोडा दिसतो, आणि मॉडेल रेघा मारल्यासारखं वाटायला लागतं. मी आधुनिक गाड्यांवर आता मातकट, फिकट धुळीच्या रंगाचा वॉश देते. धूळ कोपऱ्यांत साचते आणि ती तिन्ही रंगांवर सारखी दिसते. तोही पूर्ण पत्र्यावर फिरवत नाही, बारीक ब्रशने बोल्टच्या बुडाशी, सांध्यात, झाकणाच्या कडेला टेकवते. एका बाजूला दोन-तीन थेंबांत काम होतं, साचायला द्रव उरतच नाही.

जाळ्यांसाठी पाण्यातला अ‍ॅक्रिलिक वॉश वापरून पाहा. कडा एनॅमलइतक्या मऊ पुसल्या जात नाहीत हे खरं, पण पाण्याने पॉलिस्टायरीनला काही होत नाही.

आणि तो खरखरीत थर कसा केलात ते सांगाच. मला अजून मनासारखा जमलेला नाही.

चिमटा३५ :

ताई, खूप आभार, फिकट वॉशचा विचारच केला नव्हता.

थर असा केला: जिथे नको त्या जागा, म्हणजे झाकणांच्या बिजागऱ्या, जाळ्या, हुक, पेरिस्कोपच्या काचा, चिकटपट्टीने झाकल्या. मग मिस्टर सरफेसर ५०० (दाट प्रायमर) ब्रशने पातळ फासला आणि तो ओढू लागताच केस आखूड कापलेल्या जुन्या ब्रशने उभे टोले मारत गेलो. एका वेळी दोन बोटांएवढीच जागा. सुकल्यावर पॉलिश पेपर अगदी हलका फिरवला, म्हणजे टोकं सारखी होतात. आधी मी बारीक वाळू चाळून पाहिली होती, पण १ मिमीचा खडा ३५ पट लहान केला तर ०.०३ मिमी होतो. कितीही चाळली तरी वाळू मोठीच दिसते, पत्र्यावर खडी टाकल्यासारखी. शक्य तितकं बारीक ठेवायचं, बोटाला लागलं पाहिजे आणि हातभर अंतरावरून जेमतेम दिसलं पाहिजे.

निळी शाई :

ब्रशचे केस कापायचे हे सुचलं नव्हतं. मी स्पंजने टेकवत होते आणि बुडबुडे राहत होते. आजच करून बघते.

चिमटा३५ :

आठवड्याने लिहितोय. आधी तो स्प्रूचा प्रयोग केला. वाकवलेला तुकडा बारा मिनिटांत बारीक आवाज करून तुटला, सरळ तुकडा अजून टेबलावर अखंड आहे. बाटलीशेजारी ठेवून दिलाय.

मग सांधा उघडला. पातं सहा सेंमीपर्यंत गेलं आणि वरचा भाग आपसूक वर उचलला गेला. फट मोजली, १.८ मिमी. आत विजेरी मारली तर मागच्या डाव्या कोपऱ्यात, सहाव्या आणि सातव्या भुजेच्या बुडाशी, तपकिरी वर्तुळ वाळलेलं होतं. पाण्याची पातळी ओसरल्यावर भिंतीवर रेघ राहते तसं. प्रायमरदादा, तुम्ही न बघता सांगितलं होतं तिथेच.

पट्टी शीटचे दोन थर चिकटवून केली, कानशीने उतरती घासली आणि बसवली. आतून दोन आडवे तुकडे लावले. उघडलंच आहे म्हणून हात पोचला तिथपर्यंत आतून प्रायमरही मारला. भुजांना तारा घातल्या, काचेवर ठेवून चौदाही चाकं टेकवली. कड्या परत घातल्या, आता दोन्हीकडे ८२. बाहेर साधारण नखाएवढी जागा पुन्हा रंगवावी लागली, हिरव्या आणि काळ्याच्या सीमेवर. ती सीमा एअरब्रशने जुळवताना हवेचा दाब कमी करून रंग जास्त पातळ केला. जुळली आहे, पण तिरप्या उजेडात मला तरी ओळखू येते.

छत तसंच राहिलं. उद्या धुळीच्या रंगाचा वॉश, बारीक ब्रशने, आणि जाळ्यांवर पाण्यातला. मॉडेल या वेळी सपाट ठेवणार आहे.